नाव नसलेली फाइल

शिरूर स्टँडसमोरच्या मोबाईलच्या दुकानात संघमित्रा मेमरी कार्ड रिकामं करून घ्यायला उभी होती. तिच्या पुढं एक म्हातारी. दुकानदारानं गाण्याचा छोटा प्लेअर म्हातारीच्या हातात ठेवला.

“घ्या मावशी, भीमगीतं भरली. उद्या वाजवा खुशाल.”

“आन् सुगतचा आवाज कुठंशी लागंल?”

“कुणाचा?”

“माझ्या लेकाचा. दवाखान्यात असताना ह्यातच बोलून ठिवलंय त्येनं. त्यो गेला, उद्या त्येचं पुण्यानुमोदन हाय, समद्यांना ऐकवायचंय.”

“फाइलला नाव काय दिलं व्हतं?”

“नाव कशाला? त्येचंच बोलणं हाय की.”

“मावशी, आपण नाव न्हाई दिलं, की मशीन आपल्या मनानं आकडा टाकतं. रेक एक, रेक दोन. मला वाटलं, कचरा हाय.”

“मंग?”

“तुम्हीच म्हणला, जुनं समदं काढ.”

“गाणी काढ म्हणलं व्हतं रं बाबा. त्येला नव्हं.”

“आता वर नवी गाणी भरली, मावशी. परत न्हाई मिळायचं.”

“किती गाणी बसली त्येच्या जागी?”

 दुकानदार मान न उचलताच म्हणाला, “ताई, तुमचं कार्ड द्या. रिकामं करायचंय ना?”

संघमित्रानं मूठ मिटली.

“न्हाई. राहू द्या.”