जास्तीचं आवर्तन

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, या मंडळाचे संस्थापक आणि माझे वडील डॉ. राजाराम घैसास, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती आणि माझे मेहुणे यारोमीर, मंडळाच्या सचिव निधीताई, आणि प्लेन्सबरोपासून जर्सी सिटीपर्यंत कुठून कुठून ड्राइव्ह करून वेस्ट विंडसरला आलेल्या मंडळींनो, सर्वांना नमस्कार.

मी सुमंत. बोलायची मला सवय नाही. निधीताईंचा फोन आला, म्हणाल्या, "दोन शब्द बोला, फॅमिलीच्या वतीने." मी विचारलं, "कुठल्या फॅमिलीच्या?" तर म्हणाल्या, "अहो, असं काय करता! जावई ना ते तुमचे?"

जावई. मृणालिनीताईच्या लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेली. मंडळातल्या कुणाच्या तोंडून हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. यारोमीरला मोठं पारितोषिक मिळाल्याची बातमी त्याच आठवड्यात पेपरात आली होती. असो.

मघाशी यारोमीरने पियानोवर, व्हायोलिनच्या साथीने, स्वतःची एक रचना वाजवली. मध्येच पियानो थांबला आणि आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रचना संपली नव्हती. तुमची चूक नाही, मोठ्या शहरांतले जाणकारही तिथे फसतात. सगळं नीट मोजून चाललेलं असतं आणि अचानक एक आवर्तन जास्तीचं येतं. त्यात पियानो गप्प असतो. व्हायोलिन एकटं एकच सूर धरून ठेवतं, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखं. मग पुन्हा सगळं सुरू होतं. त्याच्या प्रत्येक रचनेत हे आहे. पेपरात लिहिलं होतं की हे मोराव्हियातल्या, म्हणजे त्याच्या चेक मुलखातल्या, खेड्यांमधल्या नाचावरून आलं. ते खरं नाही. ते आमच्या घरातून आलं. कसं, ते सांगतो.

ताईने या चेक संगीतकाराशी लग्न केलं आणि बाबांनी तिचं नाव घेणं सोडलं. ती जर्सी सिटीत राहायची. प्रिन्स्टन जंक्शनवरून गाडीत बसलं की तासा-सव्वातासात तिचं घर. लग्नानंतरचा पहिला अधिक महिना लागला, तेव्हा तिने फोन केला. इथल्या मुलांना माहीत नसेल म्हणून सांगतो, साधारण तीन वर्षांनी आपल्या पंचांगात एक महिना जास्तीचा येतो. त्या महिन्यात जावयाला घरी बोलावून सासऱ्याने तेहतीस अनारसे द्यायचे असतात. आम्ही जेवायला बसलो होतो, फोन स्पीकरवर होता. ताई म्हणाली, "बाबा, धोंड्याचा महिना लागलाय. आम्ही रविवारी येऊ?"

बाबा म्हणाले, "ज्यांना जावई आहे, त्यांच्यासाठी असतो तो महिना." आणि त्यांनी भाजीचं पातेलं पुढे ओढलं. आई उठून आत गेली.

त्या रविवारी ताईने स्वतःच अनारसे तळले आणि यारोमीरपुढे ताट धरलं. "हे माझ्या वडिलांकडून."

तो म्हणाला, "तुझ्या वडिलांच्या हातात तुझ्याच बांगड्या कशा?"

"त्यांना शोभतात," ताई म्हणाली.

मग त्याने विचारलं की या जास्तीच्या महिन्याला करायचं काय असतं? तिने सांगितलं. तो म्हणाला, आमच्याकडे नाताळच्या आदल्या संध्याकाळी आई जेवणाच्या टेबलावर एक ताट जास्तीचं मांडते. कुणी अचानक आलंच तर असावं म्हणून. त्याचे वडील घर सोडून गेले होते. ते ताट कुणासाठी असायचं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण कुणी बोलायचं नाही. तो ताईला म्हणाला, "आमचं ताट, तुमचा महिना. येत कुणीच नाही ना?"

ते आवर्तन त्या आठवड्यात पहिल्यांदा लिहिलं गेलं. पुढे प्रत्येक अधिकात ताई अनारसे करायची, तो एक नवी रचना करायचा, आणि ती दार वाजण्याकडे कान ठेवून असायची. हे सगळं मी पाहिलंय. रचना सुंदर आहेत. पण ताईला त्या नको होत्या. तिला तिचे वडील दारात हवे होते.

या हिवाळ्यात ताई गेली. अंत्यसंस्कारालाही बाबांची खुर्ची रिकामी होती. यारोमीर पुढच्या आठवड्यात कायमचा त्याच्या गावी चाललाय. त्यांच्या फ्रीजरमध्ये आम्हाला एक डबा सापडला. अनारशाचं पीठ. आजारी असताना तांदूळ भिजवून, कांडून, गुळात मळून तिने या अधिकासाठी करून ठेवलेलं. काल माझी बायको सुनेत्रा ते तळायला बसली. पहिले तीन तुपात हसले, म्हणजे फुटून पसरले. बाकीचे जमले.

आता बाबांच्या हस्ते यारोमीरला शाल द्यायचं ठरलं आहे. बाबा, समारंभाचे अध्यक्ष म्हणून तुम्ही ती देऊ नका. त्याला शालींची कमी नाही. ताट इथे आहे, मी धरतो. सासरे म्हणून द्यायचं असेल तर द्या. उद्या हा महिना संपतो. पुढच्या अधिकात तो इथे नसेल, आणि आपल्यापैकी कोण असेल, ठाऊक नाही.

निधीताई, खुणा करू नका, माझा वेळ संपला हे मला माहीत आहे. मी थोडा वेळ गप्प बसणार आहे. कृपा करून कुणी टाळ्या वाजवू नका.

...

काय म्हणालात, बाबा? मागच्यांना ऐकू आलं नसेल. बाबा विचारतायत, "तेहतीस आहेत का?"

नाहीत. तीस आहेत. पीठ तेवढंच होतं, आणि करणारी आता नाही.

असू देत म्हणताय? मग घ्या, दोन्ही हातांनी धरा, जड आहे. यारोमीर, पुढे ये. निधीताई, फोटो नको. ज्या बाईला तो बघायचा होता, ती गेली.

मंडळाने हॉल दिला, स्वयंसेवकांनी खुर्च्या लावल्या, तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत, सर्वांचे आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर मला क्षमा करा. ताटात तीन कमी पडले, त्यासाठी सुनेत्राला क्षमा करा. बाकी जे कमी पडलं, त्याची क्षमा जिच्याकडे मागायला हवी होती, ती आज इथे नाही.