डेलॅपची रिकामी खुर्ची

इंग्रजांचा राजा गेला, तरी व्हर्जिनियात मत मोठ्यानं बोलूनच द्यायचं, तेही उमेदवारांच्या तोंडावर. ज्याला मिळालं, त्यानं उठून आभार मानायचे. खानदानी उमेदवार स्वतःचं मत मात्र प्रतिस्पर्ध्याला देत. आयर्लंडहून येऊन व्यापारात वर आलेल्या डेलॅपलाही आज तसंच करायचं होतं, म्हणून तो उमेदवाराची खुर्ची सोडून रांगेत येऊन उभा राहिला. पुढचे दोघे त्याला चेहऱ्यानं ओळखत नव्हते.

“मामा, डेलॅपचं नाव घ्यायला जीभ रेटत नाही.”

“का रे? तुला तोच हवा होता ना?”

“हवाय हो. पण कर्नल वेदरली समोर बसलेत. त्यांचीच जमीन कसतो मी. उद्या काढून घेतली तर?”

“डेलॅप उठून आभार मानील. तुझ्या पाठीशी कोणीतरी आहे, हे कर्नललाही दिसेल.”

“कुठला उठतोय? खुर्ची बघा, रिकामी आहे.”

“असेल इथंच कुठंतरी.”

डेलॅप बोलायला गेला, पण त्याच्या आयरिश बोलीनं सगळी रांग वळली असती. त्यानं हॅट खाली ओढली.

मामा मत देऊन बाजूला झाला. कारकुनानं पुढच्याला बोलावलं, “पुढे या. नाव? मत कोणाला?”

“नेड स्प्रॅग. कर्नल वेदरली.”

“आभारी आहे, नेड.”

“पुढचे?”

“आर्चिबाल्ड डेलॅप. मत कर्नल वेदरलींना.”

कर्नल पुन्हा उठले. “आभारी आहे, डेलॅप. आता शोभलात आमच्यात.”

दारापर्यंत गेलेला नेड माघारी आला.

“साहेब, तुम्ही माझ्या मागंच होतात?”

“होतो.”

“मग खुर्चीत का नव्हतात?”