मधला फर्मा माझ्याकडे नव्हता

...आणि वर मलाच म्हणते, “आजी, डोळे घट्ट मिटा हं, चोरून बघायचं नाही.” चोरून. मी. सेहेचाळीस वर्षं लोकांची पुस्तकं शिवली, कधी कुणाचं एक पान फाडून घरी नेलं नाही, आणि ही तपासणीवाली पोर, जिचा चष्मा दर मिनिटाला नाकावरून घसरतो, ती मला चोरीबद्दल बजावणार. हातात काय, तर दांडीला लावलेला नायलॉनचा एक केस. तो ती बोटाला टेकवणार, टेकला की मी ‘आलं’ म्हणायचं, संपली तपासणी. मिटले डोळे. बसले वाट बघत... बसले... मला वाटलं, हिने अजून सुरुवातच केली नाही. तेवढ्यात कागदावर पेन्सिल खरखरली. फुली. मग दुसरी फुली. करंगळी गेली, शेजारचं बोट गेलं, आणि दुखलं म्हणाल, तर नाही.

पण तुम्हाला सांगते, पहिल्यापासून सांगायला हवं, नाहीतर म्हणाल म्हातारी कुठेही सुरू होते.

माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं सगळं शिक्षण बांधणीच्या टेबलावर. छापलेला मोठा कागद घडी घातली की सोळा पानं होतात, त्याला आम्ही फर्मा म्हणतो, आणि असे फर्मे एकावर एक शिवले की झालं पुस्तक. शिवताना नजर सुईवर लागते, पण घडी घालताना वाचता येतं, आणि मी वाचते. आता टेबलाला आम्ही दोघी, मी आणि ती दिवसभर गुणगुणणारी. एक फर्मा माझा, एक तिचा. त्यामुळे माझं ज्ञान पान एक ते सोळा, मग एकदम तेहेतीस. राजा कसा मेला मला ठाऊक असतं, का मेला ते गुणगुणीला, आणि ती वाचत नाही.

तर कोपराखाली फिकट डाग होता, पेल्याच्या बुडाएवढा. खाज नाही, काही नाही. एक दिवस पुस्तकाच्या पाठीला लावायच्या सरसाचं तापलेलं भांडं नेमकं त्याला चिकटलं. कातडी सोलली. वास आला तेव्हा मी ओरडले, “अगं, सरस करपतोय बघ तुझा.” तो सरस नव्हता, मी होते. आणि दुखलं म्हणाल, तर नाही. याला शहाण्या माणसाने काय म्हटलं असतं? मी म्हटलं, कामाचं अंग आहे, तुमच्यासारखं लोण्याचं नाही. दोन वर्षं हे ऐकवलं सगळ्यांना. सुनेला तर दोनदा. एका रोगाची मी दोन वर्षं फुशारकी मारत होते, आहे का कुणी असं तुमच्या बघण्यात?

शेवटी सुनेनेच धरून नेलं दवाखान्यात. डॉक्टरांनी डागावर कापूस फिरवला, कोपरामागची नस चाचपली आणि हळूच म्हणाले, “कुष्ठरोग आहे. औषधाने पूर्ण बरा होतो.” सून भिंतीवरच्या तक्त्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, “म्हणजे पान तेहेतीस.”

कारण जंतूंवरचं ते जाडजूड पुस्तक मी दुमडलेलं आहे हो. बाकीचे जंतू कसे, आले की दारं-खिडक्या फोडतात, ताप, उलट्या, सगळ्या घराला कळतं. हा तसा नाही. हा भाडेकरू. सगळ्यांत शांत खोली बघतो, म्हणजे नस, आणि नसेभोवती जे आवरण असतं, तारेवर असतं ना तसं, त्यात जाऊन राहतो. घाई नाही. एकाचे दोन व्हायला दोन-दोन आठवडे. शरीराचे रखवालदार दारावरून जातात, आत डोकावतही नाहीत. वर्षानुवर्षं. पान अठ्ठेचाळीस संपलं. पुढे काय? पुढचा फर्मा गुणगुणीचा.

मी धरून चालले की पुढे काय असणार, औषध घ्यायचं, तो मरायचा. घेतलं औषध. डॉक्टर म्हणाले, आता थोड्याच दिवसांत तुमच्यापासून कुणाला काही व्हायची भीती उरत नाही. पहिल्या गोळीने लघवी लाल झाली, तीही त्यांनी आधी सांगितली होती म्हणून, नाहीतर मी तिथेच औषध सोडलं असतं. दोन महिने छान गेले आणि मग तो डाग, इतकी वर्षं गप्प बसलेला, लाल होऊन टम्म फुगला. डॉक्टर म्हणाले, “हाताची तपासणी करू. बोटांचं कळणं कमी झालं असेल तर वेगळ्या गोळ्या लगेच सुरू करायला हव्यात.”

म्हणून तो नायलॉनचा केस, आणि त्या दोन फुल्या.

आता पडद्यापलीकडे बाकावर सून. कान इकडे. ती वर्षभर म्हणतेय, “आई, पुरे झालं, बसा आता घरी.” बांधणीत मालक म्हणतो, “मावशी, शिवण दुसऱ्या कुणाला देऊ का, तुम्ही पुठ्ठ्यावर नुसत्या नावाच्या चिठ्ठ्या चिकटवा.” चिठ्ठ्या. आणि मी इथे डोळे मिटून फुल्या ऐकतेय. मग लक्षात आलं, पोर पुढे झुकली की तिची खुर्ची कुंई करते. कुंई झालं, मी म्हटलं, “आलं.” कुंई, “आलं.” कुंई, “आलं, अगं जरा हळू टोच.” पोरीने दोन्ही फुल्या खोडल्या. “मघाशी लक्ष नव्हतं का आजी?” मी म्हटलं, “नव्हतं.”

डॉक्टरांनी कागद बघितला. “हात उत्तम आहे. मग त्या गोळ्या नकोत. त्यांनी साखर वाढते, उगाच कशाला?” मी पडदा सारून अशी बाहेर आले, सुनेकडे बघितलंसुद्धा नाही.

तीन आठवडे गेले. दुपारची वेळ, मी आपली शिवतेय, डावा हात फर्म्याच्या आत, उजव्यात सुई, आत, बाहेर, आत, बाहेर, गाठ मारली, दोरा कापला, पुस्तक उचललं, तर बोटही बरोबर आलं. ओढलं, सुटेना. करंगळीची कातडी शिवली होती पुस्तकात. चांगली शिवली होती, टाके एकसारखे. पानाला रक्त. गुणगुणीचं गाणं बंद पडलं, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. दुखलं म्हणाल, तर नाही. मी बोटाकडे बघत बसले, शेजारणीचं असावं तसं.

सुनेने घरी दोरा सोडवला. एक एक टाका कापला. शेवटी म्हणाली, “आई, त्या दिवशी तपासणीत तुम्ही इतक्या झरझर ‘आलं आलं’ म्हणत होतात...”

“खुर्ची वाजत होती,” मी म्हटलं.

तिने कात्री खाली ठेवली. “चला,” म्हणाली.

डॉक्टर ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला गुणगुणीचा फर्मा वाचून दाखवला, तोंडी. म्हणाले, औषधाने जंतू मरतो, पण त्याचे अवशेष तिथेच नसेत पडून राहतात. आणि तेव्हा कुठे शरीराला जाग येते. म्हणजे बघा, भाडेकरू होता तोवर रखवालदार झोपलेले, तो मेल्यावर आता सगळी फौज आलीय आणि मेलेल्याला शोधायला घर पाडतेय. ही सूज माझीच, हे नुकसान माझ्याच माणसांनी केलेलं. त्या दुसऱ्या गोळ्या फौजेला आवरायला होत्या. वेळेवर दिल्या तर बोट परत येतं. “तीन आठवडे,” डॉक्टर म्हणाले आणि पुढचं त्यांनी कागदावर लिहिलं.

गोळ्या घेतल्या. साखर वाढली, तोंड सुजून असं झालं की मालकाने मला आधी ओळखलंच नाही. तीन महिन्यांनी पुन्हा तीच खोली. पोरीने उभ्याने तपासायला घेतलं, शहाणी झाली होती. मी डोळे मिटले. फुली, फुली, फुली. मग करंगळीशेजारच्या बोटाला काहीतरी... मुंगीने पाय ठेवून बेत बदलावा तसं. मी गप्प. इतक्यांदा खोटं ‘आलं’ म्हटलेलं, खरं आलं तर माझाच माझ्यावर विश्वास बसेना.

“आजी, हात मागे घेतलात तुम्ही. म्हणा की आलं.”

“तू लिही,” मी म्हटलं, “मी मागाहून कळवते.”

तर ते बोट आलं. करंगळी नाही आली. ती त्या तीन आठवड्यांत गेली की आधीच गेली होती, डॉक्टर सांगत नाहीत. चांगला माणूस आहे. तिला चामड्याची टोपी घालते, शिवताना एक डोळा तिच्यावर ठेवते, लहान मूल पाण्याजवळ बसवावं तसा.

आणि जे परत आलंय, ते दिवसभर ठणकतं. आग होते, झिणझिण्या येतात, चादर लागली तरी जीव जातो. डॉक्टरांना दाखवलं. ते इतके खूश झाले, म्हणाले, “वा, शुभ लक्षण आहे, नस जागी होतेय.”

मी म्हटलं, “झालं तिचं दर्शन. आता तिला परत झोपवायची काही गोळी असेल तर बघा.”