आसेगावची शान

मंगरूळपीरच्या बसस्थानकात माझ्या मागच्या बाकावर नवीनची माय धुरपताबाई डबा घेऊन बसली होती. शेजारी तिच्याच गावचा रामधन.

"काकू, नवीनले काहून धरलं पोलिसाईनं?"

"मोटारपंप चोरला म्हणे. त्याईनं फेसबुकवर फोटो टाकला, 'या चोराले वळखता काय?' म्हणून."

"फोटो तर लय धुसर होता. मंग नाव कोनं सांगतलं?"

"साऱ्या गावानं! वरचं वाचते कोन बापा? फोटो दिसला का अभिनंदन! 'नवीनभाऊ, आसेगावची शान!' पोलिसाईले बसल्या जागी नाव भेटलं, गाव भेटलं."

"पन पहिलं अभिनंदन कोनं टाकलं?"

धुरपताबाईनं डब्याचं झाकण पुन्हा घट्ट लावलं.

"काकू?"

"माय आहो न मी त्याची! पोलिसाईच्या पानावर पोरगं दिसलं. मले वाटलं, भरतीत लागला."