संगणकाची खंडेनवमी

संतांनी शांतीचा महिमा गायला तो यथार्थच; परंतु त्यांच्यापुढे संगणक कधी आला नव्हता, हेही ध्यानात घ्यावे. दुसऱ्या पहाटे आमची काकड आरती आरंभायची होती आणि मंडळासाठी छापायचे सर्व अभंग त्या यंत्रात अडकले होते. बटण दाबावे, तर दर वेळी तोच सेटिंगचा निळा पडदा! दहा वेळा बंद केले, दहा वेळा सुरू केले. अखेर मी सौभाग्यवतीवर घसरलो, "तूच फडके मारताना काही बिघडवलेस!"

"माह्यावर काहून चिडून राहिले? मी त्याले हातही लावत नाही."

सदर बाजारातून मेकॅनिक आला. त्याने कीबोर्ड उलटा करून आपटला. रुतून बसलेल्या एका कळीखालून कुंकवाचे तांदूळ पडले.

"बाबूजी, इसमें चावल किसने डाले?"

खंडेनवमीला यंत्राची पूजा मीच केली होती.

ही म्हणाली, "इन्होंने, भैया! मी म्हटलं, नुसतं फूल वाहा. तर म्हणे, अक्षतांशिवाय पूजा अपुरी राहते."

अडकलेली कळ मोकळी झाल्यामुळे आता संगणक तत्काळ सुरू झाला. मेकॅनिकने मला हात जोडले, "बाबूजी, अगले साल इस पर नारियल मत फोड़ देना."