शेवटच्या रांगेतून

कॅमेरा दुरुस्तीच्या दुकानात माझ्यापुढे एक जोडपं होतं.

“या लांबच्या लेन्सने सगळे फोटो काळे येतात हो.”

“बाई, लेन्स दुसऱ्या कंपनीची आहे.”

“मीही दुसऱ्याच घरातून आले. बसले ना नीट?”

“अगं, मोबाइलवर काढू. जवळ जाऊन.”

“अहो, उद्या लेकीचं पहिलं नाटक. तिनेच आपल्याला शेवटच्या रांगेत बसवलंय, ओळख दाखवायची नाही म्हणून.”

“लेन्सच्या मागचे धातूचे कॉन्टॅक्ट पुसले, तरी तेच. पण लेन्सच्या आतली, उजेड कमी-जास्त करणारी पाती पूर्ण उघडी ठेवली की फोटो उजळ येतोय, बघा. मिटवायला गेलं की गरजेपेक्षा जास्त मिटतात. उद्या उघडीच ठेवा. फक्त एकच चेहरा स्पष्ट येईल, बाकीचे नट धूसर.”

“बाकीच्यांना त्यांच्या आया आहेत.”