डांबराला घाई नव्हती

...आणि वर मलाच विचारतात, ‘वेळ वाचला ना तुझा, मग तोंड पाडून का बसलायस?’ अहो, वाचलेला वेळ ठेवू कुठे? खिशात? तुम्हाला सांगतो, डांबराला घाई नव्हती हो! घाई साहेबांना होती.

म्हणजे बघा, आमचं काम काय, तर पातळ डांबर टाकीत तापवायचं, खालून हवा फुंकत राहायची आणि ते घट्ट होईपर्यंत बसायचं. सकाळी बसलं की संध्याकाळ! माणसं लागायची दोन. तापमानाच्या काट्यावर मी, हवेच्या व्हॉल्व्हवर दादा. सख्खा थोरला भाऊ! घरी आमच्यामध्ये एक भिंत, आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंना अबोला. का? तर आई गेली तेव्हा दादा तिच्या उशाशी आणि मी इथे टाकीपाशी. निरोप आला तो सगळं संपल्यावर! मी विचारलं, ‘का नाही बोलावलंस?’ तो म्हणाला, ‘ओरडू नकोस.’ झालं... दार बंद.

पण कामावर अबोला धरून कसं चालेल? ‘हवा वाढव’ म्हणावंच लागतं! मग ‘हवा वाढव’वरून ‘जेवलास का’, ‘जेवलास का’वरून ‘गुडघा काय म्हणतोय’... एकमेकांकडे बघायचं नाही हं! मी काट्याकडे, तो व्हॉल्व्हकडे, बोलणं आपलं मधल्या मधे. आईच्या विषयापर्यंत यायला वर्षं लागली. लागेनात का! डांबराला घाई नव्हती.

आणि आले ना साहेब, हातात डबा घेऊन! ‘हा कॅटॅलिस्ट. थोडासाच टाकायचा. स्वतः आहे तसाच राहतो, पण दुसऱ्याकडून झटपट काम करून घेतो.’ मी म्हटलं, साहेब, असे दोन मेहुणे आहेत मला. साहेब हसले नाहीत.

टाकला. आणि आम्ही... सवय हो! बसलो नेहमीसारखे. त्यात नेमका दादाने त्याच दिवशी आपणहून विषय काढला. व्हॉल्व्हच्या चाकावर हात ठेवून म्हणाला, ‘आई शेवटी तुझ्याबद्दल बोलली रे.’ कुठला काटा अन् कुठलं काय! म्हटलं, ‘काय बोलली?’ तो घसा खाकरतोय... आणि जेवणाच्या सुट्टीचा भोंगा! टाकीत बघतो तर डांबराचा दगड! जे संध्याकाळी व्हायचं ते जेवणाच्या सुट्टीआधीच होऊन पुढे गेलेलं! मग काय, छिन्नी-हातोडा घेऊन फोडत बसलो, सगळं खातं भोवती उभं. त्यात कसलं बोलणं! आणि साहेब म्हणाले, ‘काम एवढं लवकर होतंय, तर दोन माणसं कशाला?’ दादा थोरला, म्हणून दादा घरी.

मग गेलो की मी त्याच्याकडे! एका भिंतीचा तर वळसा! दार वाजवलं. ‘ये’ म्हणाला. बसलो समोरासमोर. आणि तुम्हाला सांगतो, शब्द फुटेना! काटा नाही, व्हॉल्व्ह नाही, बघायचं कुठे माणसाने? तोंडाकडे? इतकी वर्षं शेजारी बसलो, पण हा केवढा म्हातारा झालाय हे मला तेव्हा दिसलं. रडूच यायला लागलं, म्हणून मी पंख्याकडे बघत बसलो. पंखा बंद होता.

शेवटी तोच उठला. ‘चहा टाकतो.’ मी मागोमाग स्वयंपाकघरात. बारीक गॅसवर पातेलं, दोघं शेजारी उभे, नजर पातेल्यात... आणि जमलं हो! अगदी तसंच जमलं! त्याने गॅस अजून बारीक केला, घसा खाकरला, म्हणाला, ‘आई तेव्हा...’

आणि वहिनी आत आली! ‘अगंबाई, भावजी! इतक्या वर्षांनी! आणि अहो, तुम्ही त्यांना असं ताटकळत काय ठेवलंय?’ पातेलं उचललं, लेकीने घेऊन दिलेल्या विजेच्या शेगडीवर ठेवलं, बटण दाबलं. ‘बघा, आत्ता होईल.’

झाला. प्यायलो. आलो भिंतीच्या अलीकडे.